घूंऽऽ आवाज, मुका डावा स्पीकर आणि खरखरणारे बटण: दोष आधी वेगळे करा, मग बोर्डाला हात लावा

आपण लिहिले आहे की, आपल्याकडे सहा वर्षे वापरलेला २.१ चा संगणक-स्पीकर संच आहे, म्हणजे एक लाकडी वूफर आणि दोन लहान स्पीकर. मे महिन्यापासून तो चालू करताच घूंऽऽ असा सलग आवाज येतो, डावा स्पीकर पूर्ण मुका झाला आहे आणि आवाजाचे बटण फिरवले की खरखर होते. पारोळ्यातील एका दुकानात ‘बोर्ड गेला, नवीनच घ्या’ असे सांगण्यात आले. आपल्याकडे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, तेव्हा हे घरी दुरुस्त होईल का, असा आपला प्रश्न आहे.

बहुधा होईल. मी भुसावळला बावीस वर्षे हीच कामे करतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या टेबलावर अशाच तक्रारीचे संच सर्वांत जास्त येतात. मात्र आपला खरा प्रश्न ‘कोणता पार्ट बदलू’ हा नाही. तीन तक्रारी एकाच दोषाच्या आहेत की तीन निरनिराळ्या, हे आधी ठरवायला हवे. ‘बोर्ड गेला’ हे निदान होऊ शकत नाही, कारण त्या बोर्डावर वीजपुरवठा, आवाजाचे नियंत्रण आणि तीन-चार ॲम्प्लिफायर अशी वेगवेगळी घराणी राहतात, आणि ती सगळी एकाच दिवशी जात नाहीत.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती पहिल्यांदा पाहावी. वूफर दोन्ही हातांनी उचला. तळाशी एका बाजूला ठळक वजन जाणवले आणि २३० व्होल्टची वायर थेट त्याच खोक्यात जात असेल, तर आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे आणि पुढचे सर्व विवेचन आपल्याला लागू पडेल. खोके हलके असेल आणि आत एसएमपीएस, म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारा हलका स्विचिंग वीजपुरवठा असेल, तर वीजपुरवठ्याचा भाग घरी उघडू नका. त्याच्या प्राथमिक, म्हणजे २३० व्होल्टकडील, बाजूच्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि पिन काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

ट्रान्सफॉर्मरच्या संचातही जपण्याची एक जागा आहेच. पिन, स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरचे पहिले दोन वायर येथे पूर्ण २३० व्होल्ट खेळतात, त्यामुळे झाकण उघडल्यावर या जोडांवर आधी इन्सुलेशन टेप गुंडाळावी. आतला कोणताही डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, गरम करण्यापूर्वी पिन भिंतीवरच्या बोर्डातून बाहेर काढून ती डोळ्यांसमोर ठेवावी; स्विच बंद केला एवढ्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट म्हणजे सिरीज बल्ब. ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब संचाच्या एका वायरमध्ये सिरीजला जोडून पहिल्यांदा संच चालू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. तो भक्क पेटून राहिला तर लगेच बंद करावे. एलईडी दिव्याने ही परीक्षा होत नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी मल्टिमीटरच्या आधी सिरीज बोर्ड बनवायला लावतो, कारण नवा आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी ॲम्प्लिफायरची चिप, चुकीचा बसला असेल तर तो बल्ब स्वतः पेटून आयसीला वाचवतो.

आता झाकण न उघडता कानाने करण्याचे काम, आणि माझ्या मते निम्मे निदान येथेच होते. संगणकाची वायर वूफरच्या मागून काढून टाका आणि संच एकटाच चालू करा. घूंऽऽ आवाज गेला, तर दोष संचात नाही, जोडणीत आहे. आवाज कायम राहिला, तर बटण शून्यावर न्या आणि मग हळूहळू पूर्ण फिरवा. बटण ही या संचातील सीमारेषा आहे. बटणाबरोबर घूंऽऽ कमी-जास्त होत असेल, तर तो बटणाच्या अलीकडून येतो आहे, म्हणजे ऑक्सची (संगणकातून आवाज आणणारी) वायर, तिचा जॅक, ब्लूटूथ-यूएसबीची पट्टी किंवा वायरीवरचे तुटलेले शील्ड, म्हणजे जाळीचे वेष्टन. बटण शून्यावर असतानाही तो तेवढाच राहत असेल, तर तो बटणाच्या पलीकडचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा किंवा ॲम्प्लिफायरचा आहे. आपण ‘चालू करताच’ आणि ‘सलग’ असे दोन शब्द लिहिले आहेत, म्हणून माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो. पण आपण स्वतः फिरवून खात्री केल्याशिवाय हा अंदाज निदान मानू नका.

वायर काढल्यावर आवाज गेला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर पाहा. तेव्हा आवाज शांत झाला, तर चार्जरची गळती किंवा अर्थिंगचा फेरा हे कारण आहे आणि स्पीकरला हात लावण्याची गरज नाही. खान्देशात उन्हाळ्यात हे जास्त दिसते, कारण आपली काळी जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल संपते आणि तारेचा जमिनीशी संपर्क कच्चा होतो. खड्ड्यात पाणी घालावे, अर्थिंगची तार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी, आणि संगणक व स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. आवाज जावा म्हणून संगणकाच्या पिनचा अर्थचा जाड दांडा तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ते कधीही करू नये. कूलर चालू असतानाच घूं येत असेल, तर स्पीकर कूलरपासून चार-पाच फूट लांब न्या आणि त्याची पिन वेगळ्या बोर्डात लावा.

शून्यावरही आवाज राहिला, तर झाकण उघडा. ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या तीन तारा बहुधा १२-०-१२ व्होल्टच्या असतात. त्या चार डायोडवर जातात आणि पुढे दोन मोठे कॅपॅसिटर उभे असतात, २२०० किंवा ३३०० मायक्रोफॅरडचे. आपल्याकडे सगळे त्यांना कंडेन्सर म्हणतात. वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, चार डायोड तिच्या दोन्ही बाजू वापरतात, म्हणून कॅपॅसिटरला १०० हर्ट्झचे खळगे भरावे लागतात. संच शांत असताना तीन-चार आयसी मिळून साधारण ०.१ अँपिअर घेतात. त्या वेळी २२०० मायक्रोफॅरडवर खळगा जेमतेम अर्ध्या व्होल्टाचा होतो. तोच कॅपॅसिटर वाळून २२० मायक्रोफॅरडचा उरला, तर खळगा साडेचार व्होल्टांवर जातो आणि तुम्हाला तो घूंऽऽ म्हणून ऐकू येतो. डोक्यावर फुगवटा आलेला, बुडाशी तपकिरी डाग उमटलेला किंवा बाजूची प्लॅस्टिकची खोळ आकसून वर सरकलेली असेल, तर कॅपॅसिटर गेला असे धरा. पण सपाट डोक्याचा कॅपॅसिटरही आतून वाळलेला असू शकतो. केवळ दिसण्यावर जाऊ नका.

मल्टिमीटरने पाहायचे असेल, तर एसी रेंजवर कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर वाचा. एक व्होल्टाच्या आसपास किंवा त्याहून जास्त आले, तर तो बदला. येथे स्वस्त मीटर फसवतात: एसी रेंजवर डीसी लावला की ते एका बाजूने मूळ डीसीच्या दुपटीहून अधिक आकडा आणि टोके उलटी केली की शून्य दाखवतात. तसे दिसले, तर लाल टोकाला १ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्ट किंवा अधिकचा फिल्म कॅपॅसिटर सिरीजला लावून मोजा. मीटरवर भरवसा नसेल, तर पिन काढून जुन्या कॅपॅसिटरच्या पायांवर चांगला २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर त्याच पोलॅरिटीने पॅरलल टाका आणि मग चालू करा. घूं उतरला, तर शंका उरत नाही.

कॅपॅसिटर बसवताना नवशिक्यांची एक चूक मी वारंवार पाहतो, म्हणून ती सविस्तर सांगतो. कॅपॅसिटरच्या अंगावर पांढऱ्या किंवा करड्या पट्ट्यावर उणे चिन्ह असते, आणि लोक समजतात की पट्टी नेहमी शून्याकडे, म्हणजे ग्राउंडकडेच येणार. अधिक आणि उणे असे दोन पुरवठे असलेल्या संचात असे नसते. अधिक बाजूच्या कॅपॅसिटरची पट्टी ग्राउंडकडे असते, पण उणे बाजूच्या कॅपॅसिटरची पट्टी ग्राउंडकडे नसून उणे रेलकडे, म्हणजे उणे पुरवठ्याच्या मार्गाकडे, असते. दुसरा कॅपॅसिटर पहिल्यासारखाच लावला, तर तो काही सेकंदांत तापून फुटतो. म्हणून जुने काढण्यापूर्वी मोबाइलने सरळ वरून फोटो काढा, आणि एका वेळी एकच कॅपॅसिटर बदला.

नवीन घेताना २५ व्होल्टपेक्षा ३५ व्होल्टचा आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचा मागा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत, बंद लाकडी खोक्यात, हीटसिंकला (आयसीची उष्णता घेणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटून उभ्या असलेल्या कॅपॅसिटरचे हाल त्याहून वाईट असतात. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, असा या कामातला ठोकताळा आहे. पुष्कळ संचांत रिमोटने बंद केल्यावरही ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर दिवसरात्र चालूच राहतात. झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच बंद करण्याची सवय लावली, तर हेच कॅपॅसिटर काही वर्षे जास्त चालतात.

उन्हाबरोबर आपल्याकडे व्होल्टेजचाही त्रास आहे, आणि हे मी एका चुकीतून शिकलो. यावलकडचे एक गृहस्थ एकाच हंगामात तीनदा तोच संच घेऊन आले. दर वेळी ॲम्प्लिफायरचा आयसी उडालेला, दर वेळी मी नवा बसवला आणि दर वेळी माझ्या टेबलावर तो तासन्‌तास नीट वाजला. तिसऱ्या वेळी मला स्वतःची लाज वाटली आणि मी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, घराला लागून होती. संध्याकाळी प्लगमध्ये २३५ व्होल्ट होते. रात्री शेतीपंप बंद झाले तशी मीटरवरची संख्या चढत गेली आणि साडेदहाला ती २६२ वर थांबली. आता हिशेब पाहा. २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट डायोड-कॅपॅसिटरपर्यंत सुमारे १६.३ डीसी होतात. २६० वर तेच १२ साडेतेराच्या वर जातात आणि डीसी १८.५ होतो. टीडीए २०३० या आयसीची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट आहे. शिवाय १२ हा आकडा पूर्ण भारावरचा असतो, संच शांत असताना तो आणखी चढतो. आयसी उडणारच होता. मी त्या संचात टीडीए २०३०ए बसवला, ज्याची मर्यादा अधिक-उणे २२ व्होल्ट आहे आणि पाय तेच आहेत, कॅपॅसिटर ३५ व्होल्टचे केले, आणि त्यांना रात्री बोर्ड बंद करायला सांगितले. तो संच पुन्हा माझ्याकडे आला नाही. आपल्या घरीही एकदा रात्री साडेदहाच्या सुमारास प्लगमधला व्होल्टेज मोजावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मीटर ७५० व्होल्ट एसीच्या रेंजवर ठेवा आणि टोकांच्या धातूला बोटे लावू नका.

आता मुका डावा स्पीकर. संच बंद करून वूफरच्या मागील, लहान स्पीकरांच्या दोन्ही आरसीए (गोल) पिना अदलाबदल करा. चालू असताना पिन ओढू नका. आउटपुट क्षणभर शॉर्ट होऊ शकते आणि बाजारातील नकली आयसींना ते सोसत नाही. डावा स्पीकर उजव्या जागी वाजू लागला, तर स्पीकर निर्दोष आहे. तो तेथेही मुकाच राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. ४ ओमच्या स्पीकरवर मीटर साधारण ३.२ ते ३.८ ओम दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तर जाळी काढून पाहा. मागच्या पत्र्यावरील टॅगपासून (वायर जोडण्याच्या पत्रीपासून) कोनपर्यंत, म्हणजे हलणाऱ्या कागदी पडद्यापर्यंत, एक विणलेली, मऊ, नाचरी तार जाते आणि ती कोनला चिकटते तेथेच नेमकी तुटते, कारण प्रत्येक ठोक्याला ती तेथेच वाकते. कोनच्या कडेला चार बोटे सारखी टेकवून अगदी अलगद दाबले की मीटरचा आकडा येतो आणि सोडले की जातो, हे त्याचे लक्षण. तुटलेले टोक खरवडून त्यावर तशाच विणलेल्या तारेचा छोटा तुकडा डाग देऊन जोडता येतो. मात्र कथील तारेत फार वर चढू देऊ नये, नाहीतर ती कडक होऊन आठवडाभरात पुन्हा तुटते. दीड व्होल्टचा सेल टॅगांना टेकवून पाहा. ठप्प असा आवाज आला आणि कोन हलला, तर स्पीकर जिवंत आहे.

स्पीकर जिवंत आहे आणि डावी जागाच मुकी आहे, असे निघाले तर ऑक्सच्या वायरचा डावा-उजवा बदलून पाहा, संगणकातील बॅलन्स मध्यावर आहे का ते पाहा, आणि मगच आयसीकडे वळा. सर्व स्पीकर काढून डाव्या आउटपुटच्या दोन टोकांवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट आले तर ठीक. १२-१५ व्होल्ट आले तर आयसी शॉर्ट आहे आणि तेथे चांगला स्पीकर जोडला, तर त्याची कॉइलही जळेल. येथे तीन तक्रारींची गुंतागुंत लक्षात येते: आउटपुटला डीसी असेल, तर तो आयसी रेल ओढून धरतो, खळगे वाढतात आणि घूंऽऽही त्याच एका दोषातून येतो. म्हणून आधी आउटपुटचा डीसी पाहा, कॅपॅसिटर नंतर.

आयसी बदलताना त्याच्या पाठीचा धातूचा भाग आतून उणे पुरवठ्याला जोडलेला असतो, हे विसरू नका. तो हीटसिंकपासून अभ्रकाच्या पातळ पत्र्याने आणि स्क्रूवरील प्लॅस्टिकच्या टोपीने वेगळा ठेवलेला असेल, तर दोन्ही तशीच परत बसवा, मध्ये पांढरी पेस्ट पातळ लावा, आणि स्क्रू आवळल्यावर आयसीची पाठ व हीटसिंक यांत मीटरने बीप वाजत नाही ना ते पाहा. काही कंपन्या अभ्रक लावतच नाहीत आणि संपूर्ण हीटसिंक उणे १६ व्होल्टवर ठेवतात. अशा संचात तो मागच्या पत्र्याला चुकूनही टेकता कामा नये.

बटणाची खरखर त्या मानाने सोपी आहे. खोलीत धूळ असते, कापसाच्या दिवसांत बारीक तंतूही, आणि बटणाच्या आतील कार्बनच्या पट्टीवर ते बसतात. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल बटणाच्या पायांजवळील फटीत थोडे सोडून बटण तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. शिलाई मशीनचे तेल घालू नका. त्यावर धूळ अधिकच चिकटते. स्वच्छ केल्यावर दोन-चार दिवसांतच खरखर परतली, तर बटणाआधीचा छोटा कपलिंग कॅपॅसिटर, जो आवाज पुढे जाऊ देतो पण डीसी अडवतो, तो डीसी गळवतो आहे का, ते तपासा. बटणाच्या टोकांवर डीसी जवळजवळ शून्य असायला हवा. आणि हो, खरखरणारे बटण एका जागी पूर्ण तुटलेले असेल, तर डावी बाजू त्यामुळेही मुकी होऊ शकते. बटण हळू फिरवताना डावा स्पीकर मध्येच फुरफुरतो का, ते ऐका.

जिथे थांबावे ती जागाही सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक दोन तारांत मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतील थर्मल फ्यूज उडालेला असतो. वेटोळी सोडून त्याला बायपास करण्याचे उपाय व्हिडिओंत दाखवतात, ते करू नका, तेवढ्याच अँपिअरचा नवा ट्रान्सफॉर्मर घ्या. बाकीचा सगळा खर्च कॅपॅसिटर, एखादा आयसी आणि क्लीनर एवढ्यापुरताच राहतो, म्हणून सहा वर्षांचा हा संच टाकून द्यावा असे मला वाटत नाही.

आपण तीन गोष्टी करून कळवा: बटण शून्यावर असताना घूं राहतो की जातो, स्पीकर काढून डाव्या, उजव्या आणि वूफरच्या आउटपुटवर किती डीसी येतो, आणि रात्री साडेदहाला प्लगमध्ये किती व्होल्ट दिसतात. बोर्डाचा वरून काढलेला एक स्पष्ट फोटोही जोडा, म्हणजे कोणता कॅपॅसिटर कोणत्या दिशेने बसतो, ते मी खुणा करून पाठवतो.